हराळीचं मैदान

बब्रुवानला मुलगी झाली ते साल फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चव्वेचाळीस. श्रावण चालू होता. आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती, म्हणून हिचं नाव पाचवीलाच कडू ठेवलं. कडू वस्तू यमालाही तोंडात धरवत नाही, असं बायका म्हणतात. सत्यभामेनं लेकीला सुपातल्या कोंड्यात लोळवलं, तिच्या कपाळाला काजळाचं बोट फासलं आणि ती निवांत झाली. त्याच दिवशी दुपारी महालिंगप्पाचा गडी बोलवायला आला.

महालिंगप्पाची येडशीला टेसनाजवळ आडत होती. बब्रुवान गेला तेव्हा ते गादीवर पान लावत बसले होते. त्यांचा शिवप्पा बार्शीला शिकून आलेला. येताना त्यानं फुटबॉलचा कातडी चेंडू आणला होता आणि गावातली धा-पंधरा पोरं जमवून क्लब काढला होता. क्लबाला नाव रामलिंगाचं, आणि खेळायला जागा ओढ्याकाठची. आडतीमागचं ते दोन बिघ्यांचं काळं रान दोन वर्षं पड होतं.

"बब्रुवान, तुला हराळी काढता येती," महालिंगप्पा म्हणाले. "लावता बी येत असंल की."

बब्रुवान हसला. मग आप्पा हसत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं.

त्याच्या बापापासून घरात एकच धंदा होता. कुणाच्या रानात हराळी माजली की यांना बोलावणं यायचं. कमरेइतकं, कधी छातीइतकं खणायचं आणि हराळीची भुईतली मुळी, काशी म्हणतात ती, काशी न् काशी मातीतून वेचून काढायची. बोटभर काशी जरी मागं राहिली तरी पुढच्या मृगाला ती पुन्हा खाट टाकून बसते. बब्रुवाननं खणलेल्या रानात हराळी परत दिसली, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्याच हातांनी आता ती लावायची होती.

"बार्शीचा क्लब येनार हाय," शिवप्पा म्हणाला. "साहेबाच्या नव्या सालाला. त्यांचं मैदान गालिच्यावानी हाय, दादा. आपल्या हितं नुसती ढेकळं."

"आन ओढ्याकडचं चार बिघं तुला बटईनं, अर्ध्या वाट्यावर," महालिंगप्पा म्हणाले. "मैदान हिरवं झालं तर."

बब्रुवान लगेच हो म्हणाला नाही. पण घरी परत जाताना त्याच्या डोक्यात बटईचं रान नव्हतं. त्याच्या डोक्यात व्यंकटचा पाय होता.

व्यंकट त्याचा धाकटा भाऊ, एकोणिसाव्यात. टेसनावर पोती उचलायचा आणि दिवस कलला की मैदानात जायचा. डाव्या पायाचा. सगळी अनवाणीच खेळायची, पण व्यंकट पळाला की वाटायचं, याचे पाय भुईला लागतच नाहीत. मरताना आईनं व्यंकटचा हात बब्रुवानच्या हातात दिला होता. तेव्हा व्यंकट सात वर्षांचा होता. आणि मागच्या शिमग्याला क्लबातल्या गुंडाप्पा चन्नबसप्पाचा घोटा ह्याच मैदानात भेगेत सापडून मोडला होता. गुंडाप्पा आता काठी टेकत चालायचा.

काळ्या रानाला उन्हाळा लागला की भेगा पडतात, त्यांत हात कोपरापर्यंत जातो. हराळी मात्र माती धरून ठेवते. हे बब्रुवानइतकं दुसरं कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवसापासून तो लागला. ज्यांच्या रानात हराळी होती त्यांच्याकडं जाऊन त्यानं ती फुकट काढून दिली. काशांचे भारे डोक्यावर घेऊन भर पावसात मैदानात आणायचे, वितीवितीवर खोचायचे आणि पायानं दाबायचे. सत्यभामा ओली बाळंतीण, तरी महिना झाल्यावर लेकरू बाभळीच्या झोळीत टाकून तीही वाकायला लागली.

भादव्यात बलभीम बांधावर आला. मैदानाला लागून त्याचं ज्वारीचं रान होतं.

"बब्र्या, माझ्या ह्या बांधाची हराळी काढताना तुझ्या बापाची पाठ मोडली. आन तू ती डोक्यावर वाहून आणतुयास?"

"आप्पांनी सांगितलंय, मामा."

"आप्पाला काय, त्यो गादीवर बसतूय. उद्या माझ्या रानात शिरली म्हंजे?"

"शिरू देत न्हाय. बांधाकडनं चर मारून देतो. छातीएवढी."

"आन ती कोन पाहनार?"

"म्याच पाहीन."

बलभीम थुंकला आणि गेला. बब्रुवाननं आठ दिवस बांधाला चर खणली. चरीतली माती काढताना त्याच्या तळहाताची कातडी निघाली. गुंडाप्पा काठी घेऊन बांधावर बसायचा.

"बब्रुदादा, माझा घोटा हितंच कुटंतरी राह्यलाय. सापडला तर सांगा, बरं का."

"गप बस की रं."

"न्हाय, म्हनलं, हराळीबरूबर त्यो बी उगवायचा."

बब्रुवानला हसू आलं नाही. त्या दिवशी त्यानं मैदान उगीचच दोनदा तुडवून पाहिलं.

दिवाळीला मैदान कडेकडेनं हिरवं झालं, मधे मात्र चट्टे. पावसानं पाठ फिरवली आणि चट्ट्यांमधून माती फाटायला लागली. बब्रुवान पहाटे उठून विहिरीवर मोट धरायचा, पाणी दांडानं मैदानात सोडायचा. पाणी आलं की माती फुगायची, चार दिवसांनी पुन्हा फाटायची, आणि प्रत्येक खेपेला भेग थोडी रुंद झालेली असायची. तो तिथं उकिडवा बसून भेगेत काठी घालायचा. काठी किती जाते हे पाहून आला की त्याला भाकर गोड लागायची नाही.

"आवं, एवढं का जिवाला लावून घेताव?" सत्यभामा म्हणायची. "पोरांचा खेळ त्यो."

"त्या पोरांत आपला हाय," एवढंच तो म्हणायचा.

मग त्याला तालमीची आठवण झाली. तरणा असताना तो कुस्ती खेळायचा. तालमीचा आखाडा म्हणजे आईची कूस. माती चाळायची, तिच्यात ताक घालायचं, तेल घालायचं, हळद घालायची, आणि ती माती मऊ होते, थंड होते. पहिलवानाला खरचटलं, रक्त आलं, की वस्ताद तीच माती मुठीत घेऊन जखमेवर दाबायचे. रक्त थांबायचं. बब्रुवानच्या अंगावर तालमीतल्या अशा चार-पाच खुणा होत्या आणि एकही चिघळली नव्हती. ह्या रानाला तालमीसारखं करायचं, असं त्यानं ठरवलं. पण दोन बिघ्यांना ताक-तेल कुणाच्या घरून आणणार? शेतकऱ्याच्या हाताला जे येतं ते त्यानं आणलं. तळ्याचा गाळ आणला, आणि चौकीच्या घोड्यांची लीद. अमीनसाहेबाच्या, म्हणजे फौजदाराच्या, घोड्यांमागं जमलेली लीद फुकट मिळायची. सत्यभामा पाट्या भरून आणायची. दोन पाट्या गाळाला एक पाटी लीद, पाणी शिंपडून पंधरा दिवस कुजू द्यायची, मग भेगांत ठासायची आणि वरून हराळीची काशी दाबायची. हराळी त्याच्यावर अशी तरारली की बब्रुवान तिच्यावर हात फिरवायचा.

"खमंग वास येतूय बग," तो व्यंकटला मूठभर माती हुंगायला द्यायचा.

"दादा, घोड्याचा येतूय." व्यंकट नाक मुरडायचा. "पर मऊ हाय, हां. काल पडलो तर कळलंबी न्हाय."

त्या एका वाक्यावर बब्रुवान चार दिवस जगला.

राहिले सराटे. एक सराटा टाचेत गेला की पोरगं तिथंच बसतं. जुनी घोंगडी भिजवून दोघा नवराबायकोनं ती मैदानभर ओढली. घोंगडी काट्यांनी भरली. ते काढून पुन्हा ओढली. तरी उरलेले काढायला सत्यभामेनं लुगडं खोचलं आणि ती अनवाणी पूर्ण मैदान चालली, पाय घासत, ह्या कडेकडून त्या कडेला. काटा बोचला की वाकायची, तळपायातून उपटायची आणि ओटीत टाकायची. दोन दिवस ती अशी चालली.

"वैनी, तुमच्या पायाची चाळण झाली," व्यंकट म्हणाला.

"तुमच्या न्हाय झाली म्हंजे पुरं."

शिवप्पानं बाभळीच्या मेढी रोवून गोलाचे खांब केले होते. टेसनमास्तर एकदा पोरांचा खेळ बघून गेले आणि व्यंकटला म्हणाले, "बार्शीच्या पोरांबरोबर रेल्वे लाईनीचा साहेब येणार आहे. बरा खेळलास तर लाईनीवर लावून घेतील." ते ऐकल्यापासून सत्यभामा रामलिंगाला नारळ बोलून बसली. बब्रुवान भेगा बघत राहिला.

साहेबाच्या नव्या सालाचा पहिला शुक्रवार. निजामाच्या राज्यात शुक्रवारची कचेऱ्यांना सुटी, म्हणून चौकीचे शिपाई, पोस्टाचा माणूस, बाजारकरी, सगळे जमले. बार्शीची पोरं दुपारच्या गाडीनं उतरली. सगळ्यांच्या पायात बूट, बुटांना खाली खिळे. त्यांच्यातल्या एकानं मैदानाच्या कडेला बुटाचं टोक आपटलं.

"मोगलाईत गवत बी उगवतं व्हय रं?"

"उगवतं," गुंडाप्पा बांधावरून म्हणाला. "खायला पाहिजे का?"

लोक हसले. साहेबाला आडतीतली खुर्ची दिली होती. साहेबानं मैदानाकडं पाहिलं आणि मान हलवली. महालिंगप्पा पुढं झाले. "आमच्या शिवप्पानं तयार केलं, साहेब. चार महिनं राबला." बब्रुवान खुर्चीच्या मागंच उभा होता. त्यानं टोपी काढली आणि परत घातली. शिवप्पानं त्याच्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली.

खेळ सुरू झाला. बब्रुवान चेंडू पाहत नव्हता. तो पाय पाहत होता. व्यंकट डाव्या अंगानं पळाला की बब्रुवान मनातल्या मनात त्याच्यापुढं पळायचा. इथं भेग होती, भरलीय. इथं चट्टा, सांभाळ. इथं मऊ हाय. बार्शीवाल्यांनी एक गोल केला. मग रामलिंगच्या पोरांनी एक. दिवस कलायला लागला.

व्यंकट चेंडू घेऊन बांधाच्या बाजूनं आला. पुढं कुणी नव्हतं. तो पुढं झेपावला आणि त्याचा उजवा पाय भुईत गेला, पार नडगीपर्यंत. वरचा थर वाळून धरला होता, खाली पोकळी राहिली होती. बब्रुवान लोकांना ढकलत धावला.

पाय मोडला नव्हता. पहिल्यांदा त्यानं तेच पाहिलं. घोटा फिरवून पाहिला, आणि त्याच्या जिवात जीव आला. भेगेच्या आत तुरीच्या कापलेल्या खोडाचा जुना सड राहिला होता, बोटाएवढा. तो व्यंकटच्या गुडघ्याखाली घुसून तुटला होता. रक्त येत होतं, पण जखम बारीक होती. बब्रुवाननं दातानं सड ओढून काढला. मग त्यानं त्याच भेगेत हात घातला आणि खालची माती काढली, ओली, थंड, काळी, आपल्या हातानं कुजवलेली. ती त्यानं जखमेवर दाबली आणि दाबून धरली.

"दादा, सोडा. खेळायचंय."

"रक्त थांबू दे."

"थांबलं की."

खरंच थांबलं होतं. व्यंकट उठला, दोनदा पाय झटकला आणि पळाला. आणि दिवस मावळायच्या आत त्याच पायावर उभं राहून त्यानं डाव्यानं गोल मारला. लोकांनी त्याला उचलून घेतलं. साहेबानं मास्तरला काहीतरी सांगितलं, आणि मास्तर बब्रुवानपाशी येऊन म्हणाले, "संक्रांत झाली की पाठव त्याला."

बब्रुवान रोज सकाळी व्यंकटचा पाय उजेडात धरून पाहायचा. सत्यभामेनं हळद लावली. तिसऱ्या दिवशी खपली धरली. सूज नाही, पू नाही. सातव्या दिवशी खपली सुटायला लागली.

"बगा, बरं झालं," सत्यभामा म्हणाली. "तुमी उगंच."

बब्रुवाननं मान हलवली, पण बोट जखमेवरून काढलं नाही.

आठव्या दिवशी व्यंकट टेसनावरून लवकर आला. मान धरली होती. "पोती जड व्हती," तो म्हणाला. सत्यभामेनं तेल कोमट करून मानेला चोळलं. रात्री जेवताना तो भाकर चहात भिजवून खात होता. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "दाढ दुकती."

दुसऱ्या दिवशी संक्रांत, रविवार. सत्यभामेनं तिळाचे लाडू वळले होते. तिनं पहिला लाडू देवाला ठेवला, दुसरा व्यंकटच्या तोंडापुढं धरला.

"घ्या. गोड बोला."

व्यंकट हसत होता. लाडू घेत नव्हता.

"का वं? खा की. चेष्टा करताव का?"

"दात उघडंना, वैनी." शब्द दातांच्या फटीतून आले.

तो हसतच होता. ओठ दोन्हीकडं ताणले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हसू नव्हतं हे सत्यभामेला जरा उशिरा कळलं. लाडू तिच्या हातातच राहिला. झोळीतली कडू रडायला लागली, आणि त्या आवाजासरशी व्यंकटचं सगळं अंग धनुष्यासारखं मागं वाकलं. टाळू आणि टाचा, एवढंच भुईला लागलं होतं.

शेजारच्या बायका आल्या. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं ओढ्यावरचं लागलं. बब्रुवान त्याच्या पायाशी बसून राहिला. त्यानं धोतराचा काठ वर करून जखम पाहिली. तिथं एक तांबडा ठिपका होता, हरभऱ्याएवढा. बाकी काही नव्हतं.

"म्या पाय पाह्यला व्हता," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "रोज पाह्यला व्हता."

दुपारी टेसनावर गाडीनं शिटी दिली आणि व्यंकट पुन्हा वाकला. गाड्या रोज यायच्या, रोज शिटी द्यायच्या. आजपर्यंत ती कुणी ऐकली नव्हती. सत्यभामेनं कडूला पदराखाली घेतलं, तिच्या तोंडावर हात ठेवला आणि ती ओढ्याकडं चालत गेली, लांब, जिथून आवाज येणार नाही तिथं. लेकराला पाजायलाही ती तिथंच बसली.

सोमवारी पहाटे महालिंगप्पांनी आपली गाडी दिली. शिवप्पानं स्वतः बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या. चाकांना तेल पाजलं. गाडीत कडब्याच्या पेंढ्या, त्यावर गोधडी, त्यावर व्यंकट. येडशीपासून धाराशिवपर्यंत बब्रुवान बैलांपुढं चालत होता. वाटेतला दगड दिसला की तो हातानं उचलून बाजूला टाकायचा. गाडीला हिसका बसला की मागून दात आवळल्याचा आवाज यायचा. तो मागं वळत नव्हता.

"दादा, गाडीत बसा," शिवप्पा हळू म्हणाला. "दगडं म्या उचलतो."

"तू बैल धर. सावकाश धर."

धाराशिवला दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी व्यंकटला अंधाऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं आणि दारावर कांबळं लावलं. मग त्यांनी बब्रुवानला बाहेर बसवून विचारलं.

"जखमेला काय लावलं होतं?"

"माती, साहेब."

"कसली माती?"

बब्रुवाननं सांगायला सुरुवात केली. गाळ कुठल्या तळ्याचा, किती चाळला. दोन पाट्यांना एक पाटी लीद. पंधरा दिवस कुजवली, रोज पाणी शिंपडलं. हराळी कशी तरारली. तो कामाचं सांगताना नेहमी सांगायचा तसं सांगत होता, हात हलवत. मग त्याच्या लक्षात आलं की डॉक्टरसाहेबांनी लिहायचं थांबवलंय. त्याचा आवाज बारीक होत गेला.

"घोड्याची लीद?"

"व्हय."

"धनुर्वात," डॉक्टरसाहेब स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी टाक खाली ठेवला.

"आमच्या तालमीत मातीच लावत्यात, साहेब," बब्रुवान म्हणाला. "बरं हुतंय."

"जाऊन बसा भावापाशी," डॉक्टरसाहेब म्हणाले. "बोलू नका. हात लावू नका."

"मातीनं झालं का?"

"आता ते विचारून काय करणार?"

बब्रुवान आत गेला आणि अंधारात भिंतीला टेकून बसला. आपले हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ते मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. दुसऱ्या दिवशी व्यंकटला शुद्ध होती. वाकून झालं की तो दमून पडायचा आणि डोळ्यांनी भावाला शोधायचा. एकदा दातांच्या फटीतून म्हणाला, "गोल झाला व्हता ना?" बब्रुवाननं मान डोलवली. अंधारात ती दिसली की नाही, देवाला ठाऊक.

दोन महिने मैदानात कुणी फिरकलं नाही. मग चैत्र लागला, आणि शिवप्पाचा क्लब पुन्हा खेळायला येणार तर मैदानात बब्रुवान कुदळ घेऊन उभा. बांधाकडची बाजू त्यानं खणायला घेतली होती, कमरेइतकी. काशी न् काशी वेचून तो बाजूला ढीग करत होता. महालिंगप्पा बांधावर आले.

"आरं, कुनी सांगितलं तुला? कुनी सांगितलं?"

बब्रुवाननं वर पाहिलं नाही. बलभीम आपल्या रानातून आला, चरीपाशी थांबला, आणि जाताना म्हणाला, "खनू द्या, आप्पा. त्याचं काम हाय ते." शिवप्पानं पोरांना माघारी नेलं. त्या ठिकाणी नंतर कुणी खेळलं नाही. सत्यभामा बाभळीखाली कडूला घेऊन बसायची आणि काशांच्या ढिगाला काडी लावायची.

ओढ्याकडचं चार बिघं त्यानं मागितलं नाही, आणि आप्पांनीही दिलं नाही.

मृगाच्या आधी दोन बिघं खणून झालं. पुढच्या सालात तिथं ज्वारी आली आणि हराळीची एक काडी दिसली नाही.

व्यंकट धाराशिवच्या दवाखान्यात संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, गुरुवारी, उजाडता उजाडता वारला. ते साल फसली तेराशे चोपन्न. त्याला एकोणीस वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश होता.